त्याच मातीवर रोडगे

आमच्या गल्लीतली वांगेवाली कुणाला वाक्य पुरं करू देत नाही. "नाई, पन माह्यं ऐका," म्हणते आणि स्वतःच निवडलेली वांगी गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकते. खरं सांगायचं तर मी तिला भिऊनच असतो.

गल्लीमागे जुन्या बॅटऱ्या फोडायचं आवार होतं. ते बंद पडलं, शिसं मात्र मातीत राहिलं. तिथे मुलांसाठी बाग करायचं ठरलं, तेव्हा ठेकेदाराने वरून नुसता मुरूम पसरला आणि जमीन साफ झाली म्हणून सांगितलं. आम्ही माना डोलावल्या.

वांगेवालीने त्याला तिथेच जेवायला बोलावलं. मुरूम सारून खालच्या मातीवर गोवऱ्या पेटवल्या, निखाऱ्यात कणकेच्या गोळ्यांचे रोडगे भाजले आणि सगळ्या गल्लीसमोर एक त्याच्यापुढे धरला.

"खा ना, साहेब. जमीन साफ हाये म्हन्ता, मंग काहून भिऊन राह्यले?"

त्याला एकदम उपास आठवला.

"कोनता उपास?"

तिने सगळे रोडगे खड्ड्यात पुरले, आमच्यातल्या कुणाला हात लावू दिला नाही.

मग मात्र माती तपासायला गेली. खोलवर उकरून ट्रकांनी हलवली. नवी आली, तीही तपासली आणि चांगली निघाली.

काल त्या बागेत पंगत बसली. मुलं झोक्यांवरून उतरेनात. तिने त्याच जागी रोडगे भाजले, पहिला फोडून सगळ्यांसमोर स्वतः खाल्ला आणि माझ्याकडे वळली. मला एकच पुरे, असं मी म्हणणार होतो. तिने वाक्य पुरं करू दिलं नाही.