आतोबांचे दोन गिअर

सोलापुरात संशय घेण्याजोगं जे जे काही होतं, त्या सगळ्यावर आमच्या आतोबांचा एकदा तरी संशय घेऊन झाला होता. गिरणीचा भोंगा वाजला की सारं गाव घड्याळं लावायचं, आतोबा दुसऱ्या गिरणीचा भोंगा होईपर्यंत थांबायचे, आणि दोन्ही जुळले की म्हणायचे, "आतनं दोघं एक झाल्यात." आत्यानं शेंगाची चटणी वाढली की "आज लसूण लई हाय, म्हंजे शेंगा खवट निघाल्या की," असं निदान करायचे आणि मग तीच चटणी कडक भाकरीबरोबर पुन्हा मागून घ्यायचे. यात त्यांचा फारसा दोष नव्हता. उभी हयात जकात नाक्यावर गेलेली. पोत्याला नाक लावून मिरचीखाली दडवलेलं रेशीम ओळखणारा माणूस घरी आल्यावर एकदम भोळा कसा होणार?

या माणसानं गाडी घेतली तेव्हा मात्र गावालाच त्यांचा संशय आला. मी तेव्हा नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो आणि आत्याकडे राहत होतो. मायदेशी परत निघालेल्या एका विलायती डॉक्टरीणबाईंची ती जुनी, बुटकी गाडी. मागचं अख्खं दार पेटीच्या झाकणासारखं वर उघडणारी. बाईंच्या अंगणात तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या, म्हणूनच ती आतोबांच्या आवाक्यात आली. मागचं दार चालत्या गाडीत कुणीतरी उघडील म्हणून ते सुतळीनं बांधून ठेवत, आणि सुतळीची गाठ रोज निराळी मारत. असल्या गाडीतून आत्या भाजी आणायची आणि आतोबा शर्यतीत उतरायचे.

हो, शर्यतीत. लढाईच्या काळातली एक ओसाड धावपट्टी गावाबाहेर होती. संक्रांतीनंतरच्या रविवारी गावातली गाडीवेडी मंडळी तिथं जमत. सरळ पळायचं, लांब ठेवलेल्या डांबराच्या पिंपाला वळसा घालायचा आणि परत यायचं. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याच्या गाडीला झेंडूचा हार घालायचा, अशी रीत. आतोबांचा सामना कायम टेंभुर्णीच्या एका ट्रकमालकाशी, आणि दोघांनी एकमेकांना आजवर मोजून सारखेच हार घातले होते. पिंप कुठं ठेवायचं हे दरवर्षी बदलायचं, आणि आतोबांची झोप उडायची ती तिथंच. त्यांच्याकडे गिअरच्या दातेरी चाकांचे दोन जोड होते. एक जोराचा: वळसा घेतल्यावर गाडीला उसळून बाहेर काढणारा, पण सरळ रस्ता लांबला की धापा टाकणारा. दुसरा पळता: सरळ रस्त्यावर वारा, पण वळणातून निघताना पाण्यातून उठणारी म्हैस. एका वेळी एकच बसायचा. कुठला, हे आतोबा ज्याला त्याला विचारत, आणि सांगणाऱ्याचा काहीतरी डाव असणार म्हणून त्याच्या उलट करत. सगळ्यात आधी विचारत ते उस्तादांना.

उस्ताद म्हणजे विजापूर वेशीजवळचे त्यांचे मेकॅनिक. वीस वर्षांची दोस्ती. ईदेचा शीरखुर्मा आमच्याकडे आणि दिवाळीचा फराळ त्यांच्याकडे कधी चुकला नाही, तरी शीरखुर्म्यात खारीक कमी दिसली की आतोबा म्हणत, "याच्या मनात काय तरी हाय."

ते शेवटचं वर्ष होतं. धावपट्टी बंद होणार हे सगळ्यांना कळलं होतं, म्हणजे आता पडेल तो हार कायमचा. अर्धी पट्टी आधीच खणली गेल्यामुळं पिंप अगदी जवळ आलं होतं. त्यातच आतोबांनी उस्तादांना टेंभुर्णीकराबरोबर चहा पिताना पाहिलं. संक्रांतीला उस्ताद घरी आले, आत्यानं त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. तो तोंडात टाकून ते म्हणाले, "भाई, पळताच डालो इस साल." ते गेल्यावर आतोबा जोराचा जोड बसवायला उठले, तेव्हा आत्यानं वाट अडवली.

"अवो, तिळगूळ तोंडात ठेवून माणूस खोटं बोलंल व्हय? एकदा तरी ऐका की कुणाचं."

आयुष्यात प्रथमच आतोबांनी दुसऱ्यावर विश्वास ठेवला आणि पळता जोड बसवला.

रविवारी पिंपापर्यंत ते पुढे होते. वळसा घेतला आणि म्हैस पाण्यातच बसली. टेंभुर्णीकर शेजारून निघून गेले. आतोबांनी रीतीप्रमाणे हार घातला, आणि मला शेजारी बसवून गाडी थेट उस्तादांच्या दारात नेली.

"उस्ताद, तिळगूळ खाऊन खोटं बोललास?"

उस्तादांच्या हातातला पाना तसाच राहिला. "पळता डाले तुम? मेरी सुनके?" त्यांचा विश्वासच बसेना. "भाई, मैं तो हर साल उल्टाच बोलतूं. सीधा बोला तो तुम उल्टा करते. इस साल सुनेंगे करके मेरेकू क्या मालूम?"

आतोबा उंबऱ्यावरच बसले. सगळे जिंकलेले हार त्यांना एकेक करून आठवत असावेत. मग हळूच म्हणाले, "म्हंजे इतकी वर्षं तू माझ्यावर संशय घेत हुतास व्हय?" आणि दोघेही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. माझ्या मते ते सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं.

पुढच्या वर्षी उस्ताद गेले. त्यानंतर आतोबा बदलले, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. एका भोंग्यावर घड्याळ लावू लागले. चटणी वाढली तशी खाऊ लागले. मागच्या दाराची सुतळी कधी सुटली आणि कुठं गेली, कुणालाच कळलं नाही. अशाच एका संक्रांतीला त्यांनी दोन्ही जोड रॉकेलनं धुऊन वर्तमानपत्रावर मांडले आणि मला हाक मारली.

"मास्तर, कुटला घालू? आता बाजार आन् सिद्धेश्वराचं देऊळ, एवढंच फिरायचं हाय."

गावातल्या गल्ल्यांना जोराचाच हवा, हे एव्हाना मलाही कळत होतं. पण मला त्यांचे ते संशयानं बारीक होणारे डोळे पुन्हा एकदा बघायचे होते. मी तिळगूळ तोंडात टाकला आणि म्हणालो, "पळताच घाला."

मी वाट बघत राहिलो.

"बरं," आतोबा म्हणाले, आणि पळता जोड उचलून फडक्यानं पुसायला लागले.