पत्रातून गाळलेली ओळ

दौतीतल्या शाईचा वास आला की आमच्या बोरी गावच्या गुरुजींची शिकवणी आठवते. चौथीतच माझी शाळा सुटली, तरी ते मला घरी बसवून कवितेचा अर्थ लिहायला लावत. "सासरी लेक सुखात हाय," असं मी लिहिलं की म्हणत, "कशावरून? शब्दावर बोट ठेव. अन् तिनं काय सांगितलं न्हाई, तेबी बघ." पुढे पोटासाठी हैदराबादच्या गिरणीत आलो. आईची पत्रं गुरुजीच लिहीत, ती बोलेल तशी, "मुडद्या, जेवलास का?" ही ओळ दर पत्रात ठरलेली. एकदा मात्र आलं, सगळं क्षेम आहे, येण्याची घाई करू नये. बोट ठेवून तीनदा वाचलं. मुडद्या कुठंच नव्हता. मिळेल त्या गाडीनं निघालो. गुरुजी आमच्या दारातच बसले होते. म्हणाले, "पोराची नोकरी जाईल, माझं दुखणं कळवू नका, अशी आण घातली होती तिनं. म्या मोडली न्हाई. निस्ती तेवढी ओळ गाळली." आत आईनं डोळे किलकिले केले. "मुडद्या, जेवलास का?" दुसऱ्या दिवशी ती गेली. तो एक दिवस मला गुरुजींनी दिला. आजही गावाकडचं पत्र आलं की माझं बोट आधी त्यात काय नाही तेच शोधत राहतं.