अळंबीचे पाय

कापेम्ब्वाची आई म्हणून तिला बाना कापेम्ब्वा म्हणायचे. पन्नाशी उलटली, तरी अळंबी हुडकण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नाही.

कोळशासाठी गावानं टेकडी बोडकी केली, तशी तिथली अळंबीही गेली. मग टेकडीवर पुन्हा रान लावायला रोपवाटिका निघाली. काबास्वे तिथला मुख्य, शहरात आठ दिवसांचं शिबिर करून आलेला. वाळवी नको, बुरशी नको, म्हणून हा गडी माती पिंपात घालून खरपूस भाजायचा. आणि मुतोंदो या रानझाडाची रोपं दोन वर्षं वीतभरच, वर पिवळी.

गावच्या मुखियानं काबास्वेला तोंडावर सांगितलं, "पावसाळा सरेपर्यंत रोपं सुधारली नाहीत, तर टेकडीवर मका."

मका लागला की रान कायमचं गेलं. बानाला घासच गोड लागेना.

आमच्यात अळंबी तोडली तिथंच साफ करतात. मातीनं भरलेले पाय, म्हणजे देठांची बुडं, रानाचे, घरी आणायचे नाहीत. बानानं जन्मात हा नियम मोडला नव्हता. आता मोडला. पलीकडच्या जुन्या रानातून टोपलीभर पाय आणले, झाडाखालची काळी माती आणली, बादलीत कालवून रोपांच्या डाव्या रांगेला घातली.

काबास्वे धावत आला. "बामायो, अहो आई, डोकं फिरलं काय? मी घाण जाळतोय आणि तुम्ही ओतताय!"

"घाण नाही रे लेका, रोपांची दाई आहे ती. दाईला भाजलंस आणि पोर का वाढत नाही म्हणतोस!"

बाया खिदळल्या. "पाय चोरले हिनं! आता रान हिचेच पाय ओढणार."

"ओढू दे. ओढायला आधी रान तर उगवू दे!"

पाऊस सरला. डावी रांग दुप्पट उंच, हिरवीगार. उजवी तशीच पिवळी. मुखिया बघायला आला, तेव्हा काबास्वेनं दोन्हीकडचं एकेक रोप स्वतः उपटलं. डावीकडच्या रोपाच्या मुळांना अळंबीचे कापसासारखे पांढरे धागे. दुसऱ्याची मुळं उघडी.

"चूक माझी," तो मुखियाला म्हणाला. "टेकडी बामायोंना द्या."

मुखियानं डोकं खाजवलं. "मग मका?"

"खाली नदीकाठी लाव की!" बाना म्हणाली.

आज टेकडीवर मुतोंदो डोक्याएवढा उंच झालाय. त्याच्या सावलीत मुसुकूचं झाडही आपोआप आलंय, शेजारी न लावलेली आणखी चार जातींची पोरं. पिंप उलटं पडलंय. त्यावर बसून बाना अळंबी साफ करते, आणि पाय थेट काबास्वेच्या बादलीत टाकते.