साडूंची मिटणारी चांदणी

आमच्या साडूंइतका पाण्यावर विश्वास ठेवणारा माणूस साऱ्या माण तालुक्यात जन्मला नसेल. आणि माणात तर पाणीच नसतं. घराणं मेंढपाळांचं, पण हे सांगलीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात. कोरेगावला आमच्याकडे आले की त्यांचा चहा हमखास गार होतो. वर तरंगणारे वेलदोड्याचे दोन कण आपसूक सरकत येऊन एकमेकांना चिकटेपर्यंत ते कप तोंडाला लावत नाहीत. घर रंगवायला आलेल्या रंगाऱ्याला त्यांनी तासभर धरून ठेवलं होतं. ब्रश पाण्यात असताना केस फुललेले, बाहेर काढला की टोक, असं का? त्या दिवशी माझी एक भिंत तशीच राहिली. "वस्तू बारीक झाली की वजनाला कोणी विचारत नाही," साडू म्हणाले. "मग पाणी म्हणेल ती पूर्व दिशा."

त्यांचं संशोधनही हेच. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ प्लास्टिकची, शर्टाच्या बटणाहून लहान चांदणी कापायची आणि मधोमध थेंब ठेवायचा. थेंब सुकताना आकसतो, पाकळ्यांना सोबत ओढतो आणि चांदणी मिटून तिची कळी होते. हात लावायचा नाही.

दहिवडीजवळ राहणाऱ्या त्यांच्या वडिलांना, आबांना, हे काम कधी पटलं नाही. मेंढरं सोडून गेलास ते ह्येच्यासाठी का, असं ते दर सणाला विचारत. त्यांचा एक डोळा गेला होता, दुसरा जात चालला होता. म्हणून गेल्या उन्हाळ्यात साडू दोन चांदण्या डबीत घालून गावी निघाले, मलाही नेलं. भर दुपारी पंखा बंद, दारं बंद, सगळं घर श्वास रोखून. थेंब ठेवायच्या आतच आबांनी वाकून सुस्कारा सोडला आणि चांदणी उडाली. दोन सुना आणि मी गुडघ्यांवर रांगून शोधली, सापडली नाही.

"आवं आबा, आता एकच उरलीय," साडूंचा आवाज बारीक झाला.

आबांनी पटक्याचा शेमला नाकातोंडावर धरला. थेंब पडला. हळूहळू पाकळ्या उठल्या. आबा साडूंनी दिलेल्या भिंगातून बघत राहिले.

"मिटली रं. आन् पानी कुठं गेलं?"

"उडून गेलं."

"मग आता उघडत कशी न्हाई?"

"कडा एकमेकींना धरून ऱ्हायल्यात."

 आबा भिंग खाली ठेवून म्हणाले, "मेंढरांमागं न्हाई आलास, बरं केलंस."

दिवाळीआधीच आबा गेले. साडू आमच्याकडे आले, नेहमीसारखे चहात बघत बसले; पंख्याच्या वाऱ्यानं वेलदोड्याचे कण काही जवळ येईनात. मी उठून पंखा बंद केला.