नरेशभाऊची गॅरंटी

नरेशभाऊ पहिल्यांदा आमच्या गावात आला, तेव्हा त्याने भर ग्रामसभेत उभं राहून कंपनीच्या साहेबाला फोन लावला. "हां साहब, नरेश बोल रहा हूँ. मेरे आदिवासी भाई लोग सामने बैठे हैं. इनको नया माल चाहिए, एकदम नया! नहीं साहब, वो मैं कुछ नहीं जानता, ये मेरे घर के लोग हैं!" मध्येच थांबून तो मान डोलवायचा, साहेब अडून बसल्यासारखा कपाळाला आठ्या घालायचा. शेवटी "मेहरबानी साहब" म्हणून त्याने फोन खिशात टाकला आणि गड जिंकल्यासारखं सगळ्यांकडे पाहिलं. आमच्या गावात फोनला रेंज नाही. मागच्या डोंगरावर चढून एका ठरावीक मोहाच्या झाडाखाली उभं राहिलं, तर नशिबाने लागतो. पाहुण्याचं बोलणं संपेपर्यंत मध्ये तोंड घालायचं नाही ही तिथली रीत, म्हणून सगळे गप्प बसून ऐकत होते. मी एकटीच तोंडाला पदर लावून बसले होते.

मी त्या गावच्या उपकेंद्रात नर्स होते. नोकरीची शेवटची सगळी वर्षं तिथंच काढली. अहेरीच्या पुढे, जंगलात, नदीपलीकडचं गाव. उन्हाळ्यात नदी पायी ओलांडता येते, पावसाळ्यात तीच नदी गावाला कुलूप लावते. पल्याड डांबरी रस्ता, बस, मोठा दवाखाना. अल्याड आम्ही आणि झाडाचं खोड कोरून केलेला एक डोंगा. नदी फुगली की तो पाण्यात घालायची कोणाची छाती होत नसे. एका पावसाळ्यात एक बाळंतीण माझ्या मांडीवर गेली, पलीकडे बस उभी दिसत असताना. त्यानंतर ग्रामसभेने तेंदूपत्त्याच्या पैशातून इंजिनाची नाव घ्यायचं ठरवलं. वाटून घेतले असते तर घरोघरी चार पैसे आले असते. एकानेही मागितले नाहीत.

चौकशीला मी आणि पांडूदादा निघालो. पांडूदादा गावचा भूमिया, म्हणजे गावच्या देवांचं आणि जमिनीचं ज्याला विचारल्याशिवाय पान हलत नाही असा माणूस. नागपूरला एक दुकानदार भेटला. तोंडाचा महाफटकळ. "नाव देतो. इंजिन बिघडलं तर इथं आणून द्यायचं. माझा मेकॅनिक पावसात तुमच्या जंगलात येणार नाही. आत्ताच सांगतो, मागाहून माझ्या नावाने रडू नका." पाणीसुद्धा विचारलं नाही. बाहेर आल्यावर पांडूदादा म्हणाला, "बाई, हा मानूस माल विकून राह्यला का शिव्या देऊन राह्यला?"

आणि मग चंद्रपूरला भेटला हा नरेशभाऊ. आधी तो मोटारपंप विकायचा, मग शिलाई मशिनी, मग नावा. सरकारी योजनेचं पाणी जिकडे वाहील तिकडे याचं दुकान वळायचं. भिंतीवर निळ्याशार समुद्राचं आणि नारळीच्या झाडांचं भलंमोठं चित्र, खाली अगरबत्ती आणि त्या धुरात हा. त्याची वाक्यं ठरलेली होती. "माल नका पाहू, मानूस पाहा!" हे एक. आणि काहीही विचारलं की, "काऊन घाबरून राह्यले? मी आहो ना!" हे दुसरं. इंजिन किती वर्षं चालतं? मी आहो ना. सुटे भाग कुठे मिळतात? मी आहो ना. त्याचं ते 'असणं' माझ्या तेव्हाच डोक्यात जायला लागलं होतं.

नागपूरवाला आला नाही, हा मात्र गावात आला. जमिनीवर बसला, पानावर जेवला, दोनदा मागून घेतलं. "हे गाव मनजे माझं माहेर आहे बाई," म्हणाला. चांगला मिशाळ बाप्या, याला माहेर कुठलं! सभेत त्याने छाती ठोकून सांगितलं, "इंजिन बंद पडलं त फक्त मले कळवा. मेकॅनिक घेऊन येतो. पूर असला त पोहत येतो!" अहो, उन्हाळ्यातली गुडघाभर नदी त्याने पांडूदादाचे दोन्ही खांदे घट्ट धरून ओलांडली होती.

मी पांडूदादाला बाजूला घेऊन म्हटलं, "दादा, इथं रेंज नाही. तो फोन खोटा होता."

"मले मालूम आहे ना बाई," तो शांतपणे म्हणाला. "पन खोटं बोलला त आपल्यासाठीच बोलला. आपल्यासाठी कोन बोलते?"

 दारात येऊन दुरुस्ती करून देणारा हा एकटाच होता. नाव नरेशभाऊकडूनच घ्यायची असं सभेने ठरवलं.

सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांच्या रांगेत अडकत अडकत नाव आली. लालभडक, चकचकीत इंजिन. पण गावात नवी वस्तू अशी थेट वापरत नाहीत. पंडुम झाल्याशिवाय, म्हणजे देवाला दिल्याशिवाय, तिथं नवा आंबासुद्धा तोंडात घालत नाहीत, मग नवी नाव पाण्यात कशी घालतील? बियाण्याच्या पंडुमातच नावही देवाला द्यायची ठरली, आणि त्याला अजून वेळ होता. नाव काठावर पळसाच्या डहाळ्यांखाली झाकून ठेवली. मी नरेशला मुद्दाम विचारलं, "निदान एकदा चालवून पाहायचं का?" तर मलाच हात जोडून म्हणतो, "देव पहिले बाई! इंजिन कुठी पळून जाते? गॅरंटी मी देऊन राह्यलो, कंपनी कोन होते?" पंडुमाला तो हजर होता. तांदूळ वाहिले, अंडं ठेवलं, मोहाच्या दारूची धार सोडली, कोंबडी दिली. त्या कोंबडीचा मोठा वाटा कोणाच्या पोटात गेला ते सांगायला नको. जाताना नावेतली वल्हीही त्याने काढायला लावली. "इंजिनाच्या नावेत वल्हं मनजे इंजिनाचा अपमान!"

नाव अजून एकदाही पाण्यात घालायची वेळ आली नव्हती, तोच भाताच्या रोवणीच्या दिवसांत पांडूदादाच्या सुनेला, सोमीला, बांधावर घोणस चावली. दुपारची वेळ, नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. विषावरचं इंजेक्शन पल्याडच्या दवाखान्यात. सोमीला नावेत घातलं, मी तिचा पाय धरून बसले. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि खरं सांगते, त्या क्षणी मी नरेशला मनातल्या मनात दुवा दिला. ऐन धारेत इंजिनातून जळका वास आला, खरखर झाली आणि ते बंद पडलं. दोरी ओढून ओढून पांडूदादाच्या तळहाताची साल निघाली. वल्हं एक नाही. नाव गरगरत वाहत गेली आणि कुठच्या कुठे, आमच्याच काठाला, बांबूच्या बेटात जाऊन अडकली. तिथून चिखलातून सोमीला खांद्यावर घालून परत गावात आणली, आणि ज्या डोंग्याला आम्ही निवृत्त केलं होतं त्याच डोंग्यातून, जीव मुठीत धरून, पल्याड नेली. सोमी वाचली. पण उशीर झाला तो झालाच. तिच्या डाव्या पायाची बोटं गेली. बावीस-तेवीस वर्षांची, नाचात सगळ्यात पुढे असायची ती पोर.

आणि आमचा पोहत येणारा? डोंगरावर चढून फोन लावला की, "निघालोच बाई!" दुसऱ्या वेळी, "आलापल्लीत पोचलो, पुढं रस्ता बंद आहे." मागून त्याच्या घरच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. सगळा पावसाळा तो आलापल्लीतच पोचत राहिला. गाव तेवढे महिने श्वास रोखून होतं. कोणाला ताप आला तरी सगळे आधी नदीकडे पाहायचे.

नदी उतरल्यावर आम्हीच इंजिन बैलगाडीत घातलं, पुढे भाड्याच्या गाडीत, आणि चंद्रपूर गाठलं. सोमीला पाय दाखवायला न्यायचंच होतं, तीही बरोबर होती. नरेशने आधी चहा मागवला. मग इंजिनाकडे न पाहताच निदान केलं. "हे पाहा, तुमी इंजिन आनलं आन तसंच ठेवून देलं. न चालवता ठेवलं त जाम होनारच. गॅरंटीत बसत नाई."

"अरे, तूच म्हणालास ना, देव पहिले?"

"ते त मी श्रद्धेनं बोललो बाई. कंपनीले श्रद्धा कुठी असते? थांबा, साहेबांशी बोलतो तुमच्यासाठी." त्याने फोन कानाला लावला, "हां साहब, मेरे घर के लोग..." आणि साहेबांशी बोलणं रंगात आलं असताना त्याच्या कानाशीच फोन खणखणून वाजला. लाजला असेल म्हणता? छे! कट करून पुन्हा कानाला लावला आणि "हां साहब, कट हो गया था," म्हणून पुढे चालू!

तेवढ्यात त्याच्या मेकॅनिकने इंजिन उघडलं होतं. पाणी फिरून इंजिन थंड राहावं म्हणून आत ज्या नळ्या असतात, त्या पांढऱ्या थराने गच्च बुजल्या होत्या. मेकॅनिकने मान खाली घातली. जन्मभर औषधं हाताळलेली बाई मी, बोटाने जरा खरवडलं आणि जिभेला लावलं. मीठ. खारट मीठ. आमच्या नदीत मीठ कुठून येणार? हे इंजिन कुठल्यातरी समुद्रात वर्षानुवर्षं राबून मेलेलं होतं आणि या बहाद्दराने वरून लाल रंग फासून ते आमच्या देवासमोर नवं म्हणून ठेवलं होतं. लोक ज्या देवाला दिल्याशिवाय आंबा खात नाहीत, त्या देवाला याने उष्टं इंजिन दाखवलं.

"हे मीठ कुठलं?" मी ओरडलेच.

नरेशने एक क्षणही घेतला नाही. "तुमच्या पूजेतलं असन. देवाले मीठ-बीठ वाहिलं असन यायनं. भोळे लोक आहेत."

 पांडूदादा उठला, त्याने त्या थराचा एक खडा बोटाने उचलला आणि म्हणाला, "माझ्या आज्याकडून तुमच्यासारखा एक शेटजी मापभर चारोळी घेत होता आन मापभर मीठ देत होता. आज्या खुश होऊन घरी येत होता. शेटजी, तुमी त त्याच्यापेक्षा मोठे निघाले. तुमी मीठ देलं, आन वरून इंजिन मनून देलं."

नरेश खो खो हसला. पांडूदादाच्या पाठीवर थाप मारून दुसऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "पाहा, किती मजेदार मानूस आहे!" सोमी बाकावर पाय लांब करून बसली होती. हसता हसता याने तिच्या त्या पायाकडे एकदाही पाहिलं नाही. त्या क्षणापासून हा माणूस माझ्या लेखी मेला.

ते इंजिन आम्ही त्याच्याच दारात टाकून आलो. पुढच्या तेंदूच्या पैशातून नागपूरच्या त्या फटकळाकडून नवं घेतलं. त्याने पुन्हा तितकंच तोडून बोलून दाखवलं, पण आमच्यासमोर इंजिन पाण्याच्या टाकीत घालून चालवून दाखवलं, आणि दर उन्हाळ्यात सर्व्हिसला आणलं नाही तर तोंड पाहणार नाही असं बजावलं. ते अजून चालतंय.

नरेशला शेवटचं पाहिलं ते नदीच्या खालच्या अंगाला, सोमीच्या माहेरी. त्या गावालाही नाव घ्यायची होती आणि हा पठ्ठ्या चित्रांची पुस्तकं घेऊन तिथं हजर! गावाने आम्हालाही निरोप धाडला होता. आम्ही मोहाच्या झाडामागच्या बाजूला बसलो, त्याने पाहिलं नाही. त्याचं सुरू झालं, "माल नका पाहू, मानूस पाहा..." गावात पाहुणा आला की आधी त्याच्यापुढे पाणी ठेवतात. सोमी उठली, लंगडत पुढे गेली आणि पाण्याऐवजी पानाचा एक द्रोण त्याच्यापुढे ठेवून बाजूला उभी राहिली. द्रोणात मीठ होतं. मूठभर, पांढरं.

"हे काय?" नरेश म्हणाला.

गावचा म्हातारा म्हणाला, "तुमचं आमच्या सोयऱ्यायनं खाल्लं. आता आमचं खा. मग नावेचं बोलू."

कोणी हसलं नाही, कोणी रागावलं नाही. सगळं गाव नुसतं पाहत बसलं. नरेशची मान इकडे वळली, तिकडे वळली, आणि मग त्याला सोमीचा पाय दिसला. सवयीने त्याने फोन बाहेर काढला आणि तसाच परत खिशात ठेवला. मग त्याला मी दिसले.

"बाई," तो काकुळतीला येऊन म्हणाला, "तुमी तरी सांगा ना यायले."

मी म्हटलं, "खा."