अंगावरची नको

"हिच्या अंगावरची नको. दुसरी काढा भाऊ, कोरी."

नवरीची आई असं म्हणाली तेव्हा शालू माझ्या अंगावरच होता. लाल, जरीच्या काठाचा, पदर खांद्यावरून पुढे घेतलेला. मी आरशाजवळ उभी. समोर पांढऱ्या गादीवर दोन्हीकडची मंडळी मांड्या घालून बसलेली. याच बाई जराशा आधी "हेच, हेच! माह्या पोरीले हेच शोभते," म्हणत होत्या. स्वतः उठून माझ्या खांद्यावरच्या चुण्या सारख्या करत होत्या.

मधे काय झालं? काहीच नाही. त्यांनी मला गाव विचारलं. मी सांगितलं.

"पोरगी नीटस हाय. कोन्या गावची व माय तू?"

"वलगावची."

"अवो, वलगावले त माही नणंद देल्ली हाय! कोनाची तू? आडनाव काय तुवं?"

मी आडनाव सांगितलं. तुम्हीही आता ते शोधाल, म्हणून इथे लिहीत नाही. एवढं सांगते, आम्ही बौद्ध. आमच्या मोहल्ल्यात विहार आहे, निळा झेंडा आहे. जिची नणंद वलगावात दिलेली आहे तिला तेवढ्यावरून आमची गल्लीसुद्धा कळते.

माझ्या खांद्यावरचा हात निघाला. त्यांनी तो आपल्या पदराला पुसला. उघड उघड नाही, घाम पुसावा तसा. आणि मग ते वाक्य. आवाजात राग नव्हता. भाजीवाल्याला "हे किडकं वांगं नको" म्हणावं, तितक्याच सहज.

ही गोष्ट अमरावतीतली, जवाहर रोडवरच्या एका कापड दुकानातली. वरच्या माळ्यावर लग्नाच्या साड्या. माझं काम साडी लावून दाखवायचं. माझ्या सलवार-कुडत्यावरूनच गुंडाळायची, निऱ्या घालायच्या, पदर सोडायचा आणि उभं राहायचं. दिवसातून किती साड्या अंगावर चढत आणि उतरत, हिशेब नाही.

त्या दिवशी बस्ता होता. आमच्याकडे बस्ता म्हणजे अर्धं लग्नच. नवरीकडची आणि नवरदेवाकडची माणसं एकाच दिवशी एकाच दुकानात बसतात आणि नवरीच्या शालूपासून तर मामाच्या टोपीपर्यंत सगळं तिथंच घेतात. दुकानदार चहा पाजतो, दुपारी जेवू घालतो. पहिला शालू ठरला की त्याला हळदकुंकू लावायचं. त्याच्याशिवाय पुढचं कापड हलत नाही. ही मंडळी अकोल्याकडची, भरपूर काळ्या जमिनीची. गाड्या भरून आलेली. शेठ सकाळपासून हात जोडून उभा होता.

नवरी शिकलेली होती. पुण्याला नोकरी. ती मोबाइलवर तिकडच्या मैत्रिणींना साड्या दाखवत होती. मला म्हणाली, "ताई, चेहरा येतोय. थोडी मान वर करा ना, साडीच येऊ द्या." मी हनुवटी वर करून चेहरा फोनच्या चौकटीबाहेर नेला. असं रोजच कोणी ना कोणी म्हणायचं. वाईट वाटायचं. पण पगारी माणसानं सगळंच मनाला लावून घेतलं तर दुकान कसं चालायचं, असं मीच मला समजावत आले होते.

माझ्या गळ्याखालचा भाग त्यांना चालत होता. चेहरा नको होता. आडनाव कळल्यावर गळ्याखालचंही नको झालं.

शेठनं मला जिन्याजवळ बोलावलं. रागावला नाही. उलट समजावणीच्या सुरात म्हणाला, "दुसरा पीस नाई हाय. एकच हाय. तू असं कर, हेच साडी नीट घडी घाल. नवा कागद, नवा डब्बा. थोडं अत्तर मार. जेवून येतीन तवा गोदामातून कोरी आणली म्हणून दाखवू."

मी पदराची टाचणी काढायला लागले.

"आन हे पाय. उद्यापासून कोनी इचारलं त नुसतं नाव सांगाचं. आडनाव काहून सांगत बसते? धंद्याची खोटी होते ना."

मी साडी उतरवली. घडी घातली. नवा कागद, नवा डबा, अत्तर. हात आपोआप करत होते. मी त्यांना थांबवलं नाही. मंडळी जेवायला गेली आणि मी डबा काउंटरवर ठेवून खाली उतरले.

आम्ही कामावरची माणसं मागच्या दारानं यायचो-जायचो. त्या दिवशी मी पुढच्या दारानं निघाले. का, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. जेवणाचा डबा वर तसाच राहिला.

इतकी वर्षं मी या बाजारात नोकरी केली आणि बाजार कधी पायी पाहिला नव्हता. सकाळी वलगावहून ऑटोनं यायचं, बोळातून मागच्या दारी, जिना, माळा. संध्याकाळी तोच बोळ उलटा. त्या दुपारी पहिल्यांदा मी बाजारात काही काम नसताना चालत होते. पाय नेतील तिकडे.

जवाहर गेटच्या दगडी कमानीखाली गाड्यांची चेंगराचेंगरी चालली होती. सगळे हॉर्न एकदमच वाजत होते. मी अंगानंच वाट काढली. आत सराफा. काचेच्या दाराशी वर्दीतला माणूस. चारचाकीतून उतरलेल्यांना तो दार उघडायचा, पायी येणाऱ्यांचं दार ज्यानं त्यानं ढकलायचं. मी तिथं मुद्दाम थांबून काचेतून हार पाहिले. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. तो आधी नजर काढून घेईपर्यंत हलले नाही.

पुढे सक्करसाथ, किराण्याचा बाजार. मिरचीचा खकाणा नाकात गेला आणि मी अशी शिंकले की पोत्यावर बसलेला हमाल हसला. डोळ्यांत पाणी होतंच, आता त्याला कारण मिळालं. गुळाच्या ढेपा, तेलाचे पिंप, वर लोंबणाऱ्या वायरी. एक हातगाडी माझ्या अंगावर आलीच होती. गाडीवाला ओरडला, "ओ बाई! आंधळी हायेस का? पाहून चाल ना!" मला बरं वाटलं, खरंच सांगते. तो मला जे बोलला, ते तो कोणालाही बोलला असता.

दोन्ही बाजूंनी हाका. "या ताई, चादरी पाहा." "ताई, गिला वडा घ्या, गरम हाय." सगळ्यांची मी ताई. हा ताईपणा किती टिकतो ते मला सकाळीच कळलं होतं. गादीवर बसा, गाव सांगा, मग बघा.

इतवारा बाजाराकडे वळताना फुटपाथवर एक म्हातारी मुसलमान बाई बांगड्यांची टोपली घेऊन बसली होती. तिनं मला विचारलंच नाही. मनगट धरलं आणि खाली बसवलं.

"आ बेटी, चढा देती. हात ढिला छोड. मुठ्ठी काहून बांधली?"

तेव्हा मला कळलं की माझी मूठ दुकानापासून आवळलेली होती. नखं तळव्यात रुतली होती. तिनं एकेक बोट उघडलं, हाताची हाडं दाबून पाहिली आणि हिरव्या बांगड्या सरकवायला लागली. एक तडकली. मी दचकले. ती म्हणाली, "टूटी तो मेरी, चढी तो तेरी. तू काहून डरती?" तिनं मला गाव विचारलं नाही, आडनावही नाही. उपकार म्हणून नाही. हात धरल्याशिवाय बांगडी जात नाही, इतकाच तिचा धंदा. पण मग साडीही दाखवल्याशिवाय खपत नाही. तोही धंदाच ना? मला हा प्रश्न पडला आणि गेलाच नाही.

गांधी चौकाकडून परत येताना एका दुकानाच्या तोंडाशी पुतळ्यांची रांग होती. साड्या नेसवलेले प्लास्टिकचे पुतळे. एकीला डोकं नव्हतं, एकीचं नाक उडालेलं, एकीचा हात सुतळीनं बांधलेला. चांगल्या घरची दिसणारी एक बाई दुकानदाराशी वाद घालत होती.

"नाई, आतली नको. मले हे बाहेर पुतळ्यावर लावली हाय ना, तेच द्या."

"काकू, हे उनात उभी हाय महिन्याची. आत कोरी हाय, अगदी हेच."

"असू द्या. मले अंगावरचीच द्या. पडते कशी ते दिसून राहिली ना."

दुकानदारानं टाचण्या काढल्या, साडी ओढली, झटकली. धूळ उडाली. बाईनं ती छातीशी लावून पाहिली आणि खूश झाली.

मी तिथंच उभी. आधी हसू आलं. मग इतका राग आला की बाजाराचा आवाज ऐकू येईना. उन्हातल्या, धुळीतल्या, नाक उडालेल्या पुतळ्याच्या अंगावरची चालते. मागून, भांडून नेतात. माझ्या अंगावरची चालत नाही. मी रोज आंघोळ करून, केस बांधून, हातांना वास नको म्हणून डब्यात कांदाही न आणता उभी राहते.

आणि मग मला खरी गोष्ट दिसली. सकाळी मीही चालत होतेच की. मान वर करून, चेहरा बाहेर ठेवून, मुकी उभी होते तोवर त्यांना मी गोड, नीटस, सगळं होते. तोंड उघडलं, नाव-गाव सांगितलं, मी माणूस झाले, तेव्हा साडी बाटली. आणि शेठ काय सांगत होता? उद्यापासून परत पुतळा हो. पगार पुतळा होण्याचाच आहे.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या नोकरीवर मी आईचं निंदणं बंद केलं होतं. जन्मभर तिनं दुसऱ्यांच्या वावरात वाकून गवत काढलं होतं. मी म्हटलं होतं, आता बस, आता मी आहे. नोकरी गेली तर ती परत त्याच वावरात जाणार, त्यांच्याच धुऱ्याबांधावर बसून भाकर खाणार. हे मला दुकानाकडे परतताना प्रत्येक पावलाला माहीत होतं. म्हणून कोणी म्हणू नका, पोरीनं तावातावानं केलं. विचार करून केलं.

मी पुढच्या दारानंच आत गेले.

मंडळी जेवून आली होती. सुपारी फिरत होती. शेठनं डबा दोन्ही हातांनी पुढे केला. "घ्या काकू, खास गोदामातून आणला. कोरा करकरीत." कागद उघडला. अत्तराचा वास आला. नवरीच्या आईनं शालूवरून हात फिरवला, मान डोलावली. कोणीतरी कुंकवाचा करंडा पुढे केला. त्यांनी बोट कुंकवात बुडवलं.

"थांबा काकू," मी म्हटलं. "कुंकू लावाच्या आधी आयका. दुसरी साडी नाईच. हे तेच हाय. सकाळी माह्या अंगावर होती, तेच. डब्बा नवा हाय."

बोट हवेत राहिलं. शेठ ओरडला, "ए! काय बोलून राहिली तू?"

"खरं बोलून राहिली. आन काकू, तुमाले माहा हात न लागलेली साडी पायजे असन, त या माळ्यावर नाई भेटणार. इथल्या समद्या घड्या माह्याच हातच्या हायेत. तुमी सकाळपासून ज्या ज्या साडीले गालाशी लावलं, ते माह्या अंगाले लागलेली हाय."

गादीवर एकच गलका झाला. "बस्ता बाटवला आमचा!" नवरीची आई कुंकवाचं बोट तसंच धरून किंचाळली. कोणी चपला शोधायला लागलं. कोणी शेठला "फसवता काय आमाले" म्हणून धरलं. नवरी मोबाइल मांडीवर उपडा ठेवून खाली पाहत बसली. तिच्याकडून मला आशा होती. हे लिहितानाही त्या आशेचा राग येतो. शिकली म्हणून काय झालं, उठून "आई, गप बस" म्हणायला शिक्षण लागत नाही.

शेठनं जिन्याकडे बोट दाखवलं. "निघ. आत्ता."

मी निघाले. जेवणाचा डबा घेतला, ओढणी नीट केली, गिऱ्हाइकांच्या जिन्यानं, सगळ्यांच्या समोरून.

आई घरी होती. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुले काय गरज होती व तोंड उघडाची?"

"मले होती," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात पहाटे ती विळा घेऊन निंदायला गेली. मी तिला अडवू शकले नाही. तिचं ते जाणं मी दारातून पाहिलं आहे आणि ते मला कोणी विसरायला सांगू नये. माझ्या बोलण्याची किंमत तिनं वाकून दिली. पण ही किंमत लावली कोणी? मी नाही लावली.

अमरावतीत मला कोणी घेईना. बाजारात बातमी पायांशिवाय चालते. "बस्ता मोडणारी" असं नाव पडलं. मग अकोल्याला काम मिळालं, तिथल्या कापड बाजारात. खोली घेतली, आईला आणलं. ती कुरकुरते, पण वावरात जात नाही.

इथल्या मालकाला मी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं. आडनाव, वस्ती, तो शालू, सगळं. तो डोकं खाजवत म्हणाला, "इथंही तेच लोकं येतात बाई." मी म्हटलं, "येऊ द्या."

आता बस्ता आला की मी साडी हातात घेते आणि खांद्यावर टाकायच्या आधी बोलते. पूर्ण नाव. गाव. आमी बौद्ध. कोणी विचारायची वाट पाहत नाही. काही जणी हसतात, काही "असू द्या ना बाई, आमी असं काही मानत नाई," म्हणतात आणि एकमेकींकडे पाहतात. एकदा एक पूर्ण कुटुंब उठून गेलं. मालक दोन दिवस फुगून बसला. त्याला मी सांगितलं, काढायचं असेल तर काढा, पण मी असेन तोवर असंच चालेल.

आणि फोन वर झाला की मी मान वर करत नाही. चेहरा येऊ देते.

साडी माझ्या अंगावर पाहायची असेल, तर ती माझ्या अंगावरूनच न्यायची. चालत नसेल त्यानं चपला घालाव्यात. बाहेर बाजार मोठा आहे. मी इथून हलणार नाही.