मास्तरांचा लॅपटॉप आणि मी न जपलेला फॉन्ट

मास्तर गेले त्याच्या पाचव्या महिन्यात त्यांच्या बायकोने, आमच्या काकींनी, त्यांचा लॅपटॉप माझ्या हातात दिला. उशीच्या अभ्र्यात घातलेला, वर नाडीने बांधलेला.

"मेलो काय गो तो पण?" त्यांनी विचारलं.

"नाही काकी. म्हातारा झालाय फक्त."

"मग तुझ्याकडे ने. हांगा धूळ खाता. त्यांचं सगळं त्यात असा."

सगळं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, म्हणून तर मी मागायला गेले होते. मास्तर आमच्या डिचोली तालुक्यातल्या गावचे निवृत्त शिक्षक, आणि खाणीविरुद्धच्या आमच्या समितीचे पहिले माणूस. खाण चालू होती तेव्हा एकेक करून विहिरी आटल्या. मास्तर घरोघर जाऊन बसले आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या जबान्या लिहून आणल्या: कुणाची विहीर किती खोल, पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकायचं, कुठल्या वर्षी तळ दिसला. घरी येऊन ते सगळं दोन बोटांनी टाइप करायचे. जबान्या देणारे बहुतेक जण आता नाहीत. मधे बंद पडलेली खाण पुन्हा उघडायची म्हणून जनसुनावणी लागली होती, आणि ती आठ दिवसांवर आली होती. मेलेल्या माणसांचं म्हणणं त्या एका यंत्रात अडकलं होतं.

मी गोवा घटकराज्य झाल्यानंतर जन्मलेली. भाषेचं भांडण मला वारशात मिळालं. पत्रक मराठीत काढलं तर अर्धे रागावतात, कोंकणीत काढलं तर उरलेले. मास्तर म्हणायचे, विहीर दोन्ही भाषांत कोरडीच असते, तू मुद्दा लिही. पत्रक लिहायला मला त्यांनीच शिकवलं. मागणी पहिल्या ओळीत. विशेषणं शेवटी, जागा उरली तर. माझी जागा कधी उरायची नाही, तरी मी विशेषणं घालायचीच.

लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलेली. चार्जर काढला की जीव गेला. सुरू व्हायला इतका वेळ की मधे कपडे वाळत घालून व्हायचे. जबान्यांचा फोल्डर सापडला, चाळीसेक फायली. एक उघडली, स्वच्छ मराठी अक्षरं दिसली, "माझे वय अंदाजे ऐंशी" एवढं वाचलं, आणि यंत्र जे गोठलं ते बटण दाबून बंदच करावं लागलं. प्रिंट काढायचं तर नावच नको.

दुकानदार म्हणाला, टाकून द्या, नवा घ्या. मला ह्या वाक्याचा राग येतो. कीबोर्ड ठीक, पडदा ठीक, डिस्क ठीक, आणि धडधाकट वस्तूला म्हातारी ठरवणारे हे कोण? खाणवालेही आमच्या शेतांना असंच म्हणाले होते, आता त्यात काही उरलेलं नाही.

इब्रामपूरचा माझा एक मित्र कॉम्प्युटर शिकलेला. त्याने लिनक्स नावाची हलकी ऑपरेटिंग सिस्टिम भरून पेनड्राइव्ह पाठवला आणि फोनवर सांगितलं, "आधी फायली दुसरीकडे उतरव. मग ह्याच्यावरून सुरू कर. तो विचारेल, आधीचं सगळं पुसू का? हो म्हण. अर्धवट ठेवलंस तर जागा पुरणार नाही."

"सगळं?"

"फायली काढल्यास ना? मग कशाला घाबरतेस? मोर्चात तर पुढे असतेस."

मी सगळा फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवला. एकदा नाही, दोनदा. फायली मोजल्या. मग लॅपटॉप सुरू होताना बाराव्या फंक्शनच्या बटणावर बोट ठेवून बसले आणि चौथ्या खेपेला तो पेनड्राइव्हवरून उठला. भाषा विचारली, मी मराठी निवडली. वेळेसाठी नकाशावर शहर दाखवायला सांगितलं, आमच्या जवळचं काही नव्हतं, कोलकाता निवडलं. पुसू का, विचारलं. मी हो म्हटलं.

अर्ध्या तासात झालं. आणि खरं सांगते, आनंद झाला. काळा पडदा आला, गेला, आणि मिनिटभराच्या आत सगळं समोर. साधं, चौकोनी, बिनसजावटीचं. पंखा ओरडायचा थांबला. मी मित्राला फोन करून सांगितलं, मास्तरांचं यंत्र धावतंय. मग पहिली जबानी उघडली.

मराठीचं एक अक्षर नव्हतं. "foghj" असलं काहीतरी, ओळीमागून ओळी, पानामागून पानं. इंग्रजी नाही, कुठलीच भाषा नाही. चाळीसच्या चाळीस फायली तशाच.

कारण समजायला संध्याकाळ लागली. मास्तर जुन्या पद्धतीने टाइप करायचे. त्यात फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच साठतात, आणि मराठीचा फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. फॉन्ट होता आधीच्या सिस्टिममध्ये. तो मी पुसला होता. फायली दोनदा जपल्या आणि त्या वाचायचे डोळे फेकून दिले. असे फॉन्ट नेटवर सापडतात, सगळं आपोआप बदलून देणारी साधनंही आहेत, हे मला वर्षभराने कळलं. तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि लाजेने मी मित्राला विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी काकींना घेऊन डिचोलीच्या बाजारात गेले. बसस्टँडजवळ झेरॉक्स-टायपिंगचं एक दुकान आहे. तिथली बाई कोल्हापूरकडची, नवरा इथल्या कारखान्यात. मास्तरांना टायपिंग तिनेच शिकवलं होतं. काकींना मी यायला नको म्हटलं होतं, गुडघे धड नाहीत. त्या म्हणाल्या, "त्यांचं वाचून काढतलें तर मी आयकतलें."

बाईने पडदा पाहिला आणि हसली. "ह्यो आमचाच फॉन्ट की वो. आता मशीनच ऱ्हायली न्हाई ती, भंगारात दिली. शोधल्यावर गावंल कुठंतरी. पण थांबताय कशाला? वाचते की मी."

"हे? हे कसं वाचणार?"

"मराठी टायपिंगची परीक्षा दोनदा दिलीया. पैल्यांदा नापास झाले म्हणून दुसऱ्यांदा जास्त घोटलंय."

तिने दोन्ही हात टेबलाच्या लाकडावर ठेवले. नजर पडद्यावर, बोटं लाकडावर. पडद्यावर इंग्रजी अक्षर असेल ते बटण ती टेबलावर दाबायची, आणि त्या बटणाखालचं मराठी अक्षर तिच्या बोटांना माहीत होतं. बोटं पुढे, आवाज थोडा मागे. "वि... ही... र. विहीर. माझ्या सासऱ्याने... ही विहीर खणली."

मला रडूच आलं. मी लॅपटॉप दोघींच्या मधे ओढला, अर्ध्या पडद्यावर मूळ फाइल ठेवली आणि उरलेल्या अर्ध्यात ती सांगेल ते नव्या मराठीत टाइप करू लागले. ती वाचायची, मी लिहायची, काकी स्टुलावर बसून ऐकायच्या.

"मी लग्न होऊन आले तेव्हा वैशाखातही हात घालून पाणी काढत होते."

"फटिंग मेली!" काकी उसळल्या. "हात घालून? कळशी तरी बुडायची म्हण. मास्तरांक कायय सांगितलां आणि ह्यांणीं लिवन घेतलां."

तिघीही हसलो. दुपारी बाईने चहा आणि उंडे, इथले गोल पाव, मागवले. काकी उंडा चहात बुडवून खात होत्या आणि मधेमधे सांगत होत्या, ही कोण, तो कुणाचा, कुठल्या वर्षी गेला. पाच महिन्यांत मी त्यांना इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

शेवटून तिसरी फाइल जबानी नव्हती. बाई वाचत होती तशीच वाचत गेली, कारण अर्थ तिच्यापर्यंत उशिरा पोचायचा.

"माननीय व्यवस्थापक यांस. माझ्या घरची विहीर या फाल्गुनापासून पूर्ण आटली आहे. पत्नीचे दोन्ही गुडघे निकामी झाल्यामुळे झरीवरून पाणी आणणे तिला अशक्य आहे. आठवड्यातून दोन वेळा आमच्याकडे टँकर पाठवण्याची कृपा करावी. पाठवल्यास यापुढे मी आपल्याविरुद्धच्या कोणत्याही निवेदनावर सही..."

बोटं थांबली. मग हळूच, "...करणार नाही."



काकी माझ्याकडे वळल्या. "तो टँकर पंचायतीचो मगे?"

मी पडद्यावरची ती ओळ पुन्हा पाहिली.

"ह्यांणीं म्हाका पंचायतीचो म्हणून सांगिल्लो."

मला ते वर्ष आठवलं. मास्तर निवेदनांवर सही करायचे थांबले ते वर्ष. आम्ही म्हणालो, वय झालं. टाइप मात्र करून द्यायचे, सगळं, आधीसारखंच. त्याच वर्षी मी एक पत्रक लिहिलं होतं. त्यात वाक्य होतं: "टँकरभर पाण्यावर ज्यांची तोंडं शिवली गेली, असे आपल्यातलेच काही लाचार." मी दुसऱ्याच दोघांना उद्देशून लिहिलं होतं. ते पत्रक मास्तरांनी टाइप केलं. "लाचार" ह्या शब्दाशी थांबून त्यांनी मला विचारलं होतं, "हा ठेवायचा?"

मी म्हटलं होतं, "ठेवायचाच. लागू दे ज्याला लागायचं त्याला."

त्यांनी ठेवला. आमच्या पत्रकांत शुद्धलेखनाची चूक कधी नसायची, त्यातही नव्हती.

हे मी काकींना सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही. त्या वेळी मी सांगितलं ते वेगळंच, आणि मला त्याची लाज वाटते. मी म्हटलं, "काकी, हाच कागद आपल्याला हवा होता. विहीर आटल्याचं खुद्द कंपनीला लेखी कळवलं होतं, त्यांनी टँकर दिला, म्हणजे त्यांना मान्य होतं! जबान्या काय, ते म्हणतील ऐकीव. हा पुरावा आहे."

"हें वगळ."

"शेवटचं वाक्य काढून टाकते. पाण्याचंच ठेवते."

"मग तें त्यांचं पत्र रवता?" मास्तरांच्या बायकोने मला मास्तरांसारखं विचारलं. मग म्हणाल्या, "तुका कागद जाय. म्हाका माझो मनीस जाय गो, होतो तसो. गुडघे माझे. कित्याक केलां ह्यांणीं? मी आणलं असतंय पाणी. बसत बसत आणलं असतंय."

बाई उठून दाराशी गेली आणि रस्त्याकडे बघत म्हणाली, "मी काय वाचलंच न्हाई बघा."

मी ती फाइल लॅपटॉपवरून काढली. दोन्ही पेनड्राइव्हवरच्या प्रतीही काढल्या. काकी पडद्याकडे बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं त्यातलं काही, तरी बघत होत्या. मी स्पष्टच लिहिते, माझा हात तयार नव्हता. आजही मी म्हणेन तो पुरावा होता.

सुनावणीला जबान्यांचा गठ्ठा दिला. अधिकाऱ्यांनी पानं चाळली आणि बरं बोलले, काम मेहनतीचं आहे म्हणाले. मग विचारलं, "पण ही माणसं हयात नाहीत. त्या काळात विहिरी आटल्याची एखादी लेखी तक्रार कंपनीकडे गेली होती का? एखादं पत्र? त्याची प्रत?"

मंडपात तिसऱ्या रांगेत काकी बसल्या होत्या. समोरच्या टेबलाशी कंपनीचा तो व्यवस्थापक होता, तोच, ज्याच्या नावे पत्र गेलं होतं. मूळ पत्र त्याच्याच कुठल्यातरी कपाटात असणार. तो पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत होता. आम्हा तिघांना माहीत होतं.

"नाही," मी म्हटलं.

अधिकाऱ्यांनी तसं लिहून घेतलं.

बाहेर तो व्यवस्थापक काकींसमोर आला. हात जोडले. "मास्तर गेल्याचं कळलं. फार सज्जन माणूस. मतभेद होते, पण माणूस म्हणून..."

काकींनीही हात जोडले. मग त्याला एकट्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाल्या, "त्या वर्सा टँकर वेळेर येतालो हां तुमचो."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"कसला टँकर, काकी?" तो म्हणाला, आणि गाडीकडे गेला.

काकी माझ्याकडे बघत राहिल्या, मी काहीतरी म्हणेन म्हणून. माझ्या हातात प्रतींची पिशवी होती, आणि त्यात त्याला दाखवण्यासारखं काहीच नव्हतं.